मॉरिशसचा उन्हाळी हंगाम: पहिल्या सरीवर लावण नको

नोव्हेंबर ते एप्रिल हा मॉरिशसचा उन्हाळा, पावसाचा आणि चक्रीवादळांचाही काळ. पण हा पाऊस आता पूर्वीच्या वेळेवर येत नाही. तिथल्या हवामान खात्याच्या नोंदी सांगतात की उन्हाळी पावसाची सुरुवात लांबते आहे, पावसाचे दिवस घटत आहेत, सलग कोरडे दिवस वाढत आहेत आणि अतिवृष्टीचे प्रसंगही वाढले आहेत. म्हणून पहिली सर पडली की लगेच काकडी, दोडका, भोपळा लावून मोकळं व्हायची घाई करू नका. त्या सरीनंतर पंधरा दिवस कडक ऊन पडलं तर कोवळं रोप जगत नाही. रोपं ट्रेमध्ये, सावलीच्या जाळीखाली तयार ठेवा. जमीन वीतभर खोल ओली झाली असेल, किंवा दोन-तीन आठवडे पुरेल इतकं पाणी हाताशी असेल, तेव्हाच ती शेतात न्या. सगळी लावण एकदम न करता टप्प्याटप्प्याने करा.

छोट्या बागायतदाराने धरणाच्या पाण्यावर विसंबू नये. टंचाईत पहिली कपात शेतीच्या पाण्याची होते. छपराचं पाणी साठवा. शंभर चौरस मीटरच्या पत्र्यावर 100 मिमी पाऊस पडला तर गळती धरूनही सुमारे 8,000 लिटर पाणी मिळतं. मधल्या पठारावर वर्षाला 4,000 मिमीपर्यंत पाऊस होतो, पण पश्चिम किनाऱ्यावर 1,000 मिमीही होत नाही. त्यामुळे ब्लॅक रिव्हरकडच्या शेतकऱ्याला टाकी आणि ठिबक दोन्ही लागतातच. उसाचं पाचट जाळू नका. खोडव्याच्या सरीत पसरा, ओल टिकते आणि तणही दबतं.

पाणी साठवायचं तसंच जादा पाणी बाहेरही काढायचं. 30 मार्च 2013 रोजी पोर्ट लुईसमध्ये चक्रीवादळ नसताना पूर आला आणि 11 माणसं गेली. तेव्हा वादळाचा इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चरांमधला गाळ डिसेंबरच्या आत काढा. भाजीपाला उंच गादीवाफ्यावर घ्या, उतारावर वाफे आडवे काढा आणि चराचं तोंड शेजाऱ्याच्या शेतात सोडू नका.

चक्रीवादळाचे इशारे चढत्या श्रेणींचे असतात. पहिल्या श्रेणीचा इशारा साधारण दीड-दोन दिवस आधी मिळतो. कामं तेवढ्यातच उरकायची. तयार भाजी काढून घ्या, थोडी कोवळी असली तरी चालेल. केळी आणि पपईची मोठी पानं छाटा, म्हणजे वारा अडत नाही आणि झाड मुळासकट उपटत नाही. कसाव्याचे शेंडे कापा, जमिनीतले कंद वाचतात. शुशूचा (चायोट या वेलभाजीचा) मांडव ताणाच्या तारांनी घट्ट करा. हरितगृहाचा प्लास्टिक कागद उतरवून गुंडाळून ठेवा. कागद फाटला तर नवा मिळतो, पण वाऱ्याने सांगाडाच वाकला तर हंगाम गेला. पंप आणि खतं उंचावर ठेवा. तिसऱ्या श्रेणीचा इशारा लागला की शेतात पाऊल टाकू नका, पीक कितीही मोलाचं असो.

किनाऱ्याजवळ, बेल मारसारख्या रेताड पट्ट्यात, एक नुकसान उशिरा लक्षात येतं. वाऱ्यासोबत आलेले समुद्राचे खारे तुषार पानांवर बसतात आणि वादळात पाऊस कमी झाला तर धुऊन जात नाहीत. दोन दिवसांत पानांच्या कडा तपकिरी होतात, चुरगळल्यासारख्या दिसतात. बाहेर पडणं सुरक्षित झालं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने झाडं वरून धुवा. विहिरीचं पाणी वापरण्याआधी ते खारट झालं नाही ना, हे तपासा.

वादळानंतर मोडलेल्या फांद्या धारदार विळ्याने स्वच्छ कापा आणि सडकी फळं खोल पुरा, नाहीतर फळमाशी वाढते. ओल्या पालापाचोळ्यात गोगलगायी दडतात, त्या संध्याकाळी वेचा. वाफसा आल्याशिवाय शेतात ट्रॅक्टर घालू नका आणि वाफसा येईपर्यंत युरियाही टाकू नका.

रिकाम्या वाफ्यांत लवकर येणारी पिकं घ्या: मुळा महिन्याभरात येतो, पालेभाज्याही तशाच, घेवडा दीड-दोन महिन्यांत. यांचं बियाणं आत्ताच आणून हवाबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवा. वादळ गेल्यावर सगळे एकदम दुकान गाठतात आणि हवं ते वाण मिळत नाही.