खुन्यावरचा सिनेमा पाहून झाल्यावर पानभर कसं लिहावं

बेळगावात, शहापुरातल्या आमच्या माडीवर महिन्यातून एकदा आठ-दहा जण सिनेमा बघायला जमतात. मी संस्कृतचा निवृत्त मास्तर. बघून झालं की प्रत्येकाकडून एक पान लिहून घेतो. खोड जात नाही. खुन्यावरचा सिनेमा असला की निम्म्या पानांवर एकच वाक्य असतं: ‘किळस आली.’ अहो, यायलाच पाहिजे की! पण ती तुमच्या पोटाची तक्रार झाली, सिनेमाचं परीक्षण नव्हे.

1960 साली मायकल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ आला, तेव्हा ब्रिटिश समीक्षकांनीही हेच केलं. शिसारी आली म्हणून असा झोडपला, की एवढ्या नावाजलेल्या दिग्दर्शकाला मायदेशात काम मिळणं मुश्कील झालं. पुढं तोच सिनेमा जाणकारांनी डोक्यावर घेतला. म्हणून सांगतो, त्याच रात्री लिहू नका. झोपा, सकाळी वही उघडा.

आधी कॅमेरा कुठं उभा होता ते आठवा. खुन्याच्या खांद्यामागं, मरणाऱ्याच्या बाजूला, की दाराबाहेर? फ्रिट्झ लांगच्या ‘एम’मध्ये (1931) लहान मुलीचा खून दिसतच नाही. जेवणाच्या टेबलावरची तिची रिकामी जागा, झुडपातून घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. बस्स. ‘अंगावर काटा आला’ असं लिहू नका. कशानं आला ते असं एकेक वस्तू धरून लिहा.

थेटरात बघणार असाल तर टाळ्या-शिट्ट्या कुठं पडल्या तेही टिपा. आमच्याकडं कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही चालतं. शिट्टी मात्र सगळ्यांची सारखीच. अभिनयावर दोन ओळी पुरेत. खुन्याचं काम करणारा नट बहुतेक वेळा चांगलाच वाटतो, भूमिकाच तशी असते.

खरं पान मेलेल्यांसाठी ठेवा. 1976-77 साली पुण्यात दहा खून झाले. त्यांवरच्या ‘माफीचा साक्षीदार’बद्दल (1986) बोलणं निघालं की सगळे नाना पाटेकरांवर घसरतात. मग मी कपाटातून एक जाडजूड कोश काढून मधे ठेवतो: संस्कृत व्याकरणाचा, काशिनाथशास्त्री अभ्यंकरांचा. नोकरीभर मी तो वापरला. शास्त्रीबुवा त्या दहांतले एक. घरची माणसंही गेली, कामाची बाईसुद्धा. कोश हातोहात फिरतो आणि नाना मागं पडतात.

तेव्हा वहीत दोन रकाने पाडा. एकीकडं खुन्याबद्दल काय काय कळलं ते: बालपण, सवयी, आवडतं गाणं. दुसरीकडं मेलेल्यांची नावं, कामधंदा, कोण वाट बघत होतं ते. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तसंच लिहा, ओढूनताणून भरू नका.

मागच्या महिन्यात शेजारच्या पोरीनं एकच ओळ दिली: ‘सर, त्याच्या बुटांचा रंग आठवतोय, तिचं नाव आठवत नाही.’ बाकी पान कोरं. मी खाली सही केली आणि तिला कुंदा जरा जास्त वाढला.