इंचाला किती?

मी डिस्प्लेची पिक्सेल सर्किटं डिझाइन करतो हे कळल्यावर गल्लीतल्या दोघा-तिघांनी काच फुटलेले मोबाइल आणून दिले. बाबांनी मात्र नेमकं विचारलं, "इंचाला किती?" बेळगावच्या वडगावात त्यांची हयात यंत्रमागावर गेली. कापड हातात आलं की इंचात किती धागे बसलेत हे ते आधी बघतात. आमच्या धंद्यातही पहिला प्रश्न हाच असतो.

इंचाला 500 पिक्सेल धरा. म्हणजे एका पिक्सेलला 50.8 मायक्रॉनची जागा. त्यात लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे केले तर प्रत्येकाची रुंदी जेमतेम 17 मायक्रॉन. मोबाइलच्या ओएलईडी पॅनेलमध्ये (ज्याचा प्रत्येक ठिपका करंट दिला की स्वतःच उजळतो) एवढ्या पट्टीत बहुतेक वेळा सात ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर बसवतात. (लाल-निळ्यांची संख्या कमी ठेवून थोडी जागा सोडवतात, पण थोडीच.)

"एवढ्याशा जागेत सात कशाला कोंबायलास?" बाबांचा पुढचा प्रश्न. आणि नवीन येणाऱ्याने अडकून बसावं असा प्रश्न हाच आहे. तत्त्वतः दोन पुरतात. एक ट्रान्झिस्टर स्विच म्हणून डेटा लाइनवरचं, म्हणजे चित्राचा सिग्नल आणणाऱ्या तारेवरचं, व्होल्टेज आत घेतो, कपॅसिटर ते धरून ठेवतो आणि दुसरा ट्रान्झिस्टर त्या मापाने ओएलईडीला करंट देतो. अडचण ट्रान्झिस्टर ज्याचे बनतात त्या सिलिकॉनची आहे. काचेवरचा सिलिकॉनचा थर लेसरने वितळवून स्फटिक बनवतात तेव्हा कण सगळीकडे सारखे पडत नाहीत, म्हणून शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरचं थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे ज्याच्या वर गेल्यावर ट्रान्झिस्टर चालू होतो ते व्होल्टेज, वेगळं निघतं. मी मराठी माध्यमातून आलो, त्यामुळे थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा हे समजायलाच एक सेमिस्टर गेलं. घरोघरी उंबरठा वेगळ्या उंचीचा, असं समजा. उंबरठ्याच्या वर 1 व्होल्ट देत असाल आणि एखाद्याचा उंबरठा 0.1 ने उंच असेल, तर करंट 0.9 च्या वर्गाइतका, म्हणजे 19 टक्के कमी. राखाडी पडद्यावर तेवढ्यात डाग दिसतात. हा फरक भरून काढण्यासाठी बाकीचे ट्रान्झिस्टर लागतात.

एमटेकच्या प्रोजेक्टमध्ये हे सगळं माहीत असूनही मी गाढवपणा केला. ट्रान्झिस्टरना हात लावला नाही, कपॅसिटर 50 फेम्टोफॅरडचा (फेम्टोफॅरड हे कपॅसिटरच्या क्षमतेचं फार बारकं माप) 25 केला आणि जागा वाचली म्हणून खूश झालो. स्विच चालू-बंद करणारी तार म्हणजे सिलेक्ट लाइन. ती बंद होताना साधारण 15 व्होल्टची उडी मारते. स्विचच्या गेटची, म्हणजे ही तार जिथे जोडलेली असते त्या टोकाची, कड शेजारच्या थरावर थोडी चढलेली असते, तोही एक बारका कपॅसिटरच. 2 फेम्टो धरा. मग 50 च्या कपॅसिटरवर त्या उडीतले 0.58 व्होल्ट येऊन पडतात, 25 च्या कपॅसिटरवर 1.11. ही चूक सगळ्या पिक्सेलमध्ये सारखी असती तर डेटा व्होल्टेज सरकवून निभावलं असतं. पण ती कड प्रत्येक ठिकाणी थोडी कमी-जास्त चढते. भरपाईच्या ट्रान्झिस्टरांनी मिळवलेलं मी तिथे घालवलं. शिवाय गळती. स्विचमधून 1 पिकोअँपिअर जरी झिरपला तरी 60 हर्ट्झच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे 16.7 मिलिसेकंदांत, 50 फेम्टोवरचे 0.33 व्होल्ट जातात. 25 वर दुप्पट.

मग जागा वाचवायची कुठे? माझ्या अनुभवात ट्रान्झिस्टरपेक्षा तारा आणि कॉन्टॅक्टची भोकं जास्त जागा खातात. शेजारचे दोन पिक्सेल आरशातल्यासारखे उलटसुलट ठेवले की मधली पुरवठ्याची लाइन दोघांत एकच चालते. कपॅसिटर बाजूला न मांडता ड्रायव्हिंग ट्रान्झिस्टरच्या गेटवरच चढवायचा. गेट हीच त्याची खालची प्लेट. मात्र तो ट्रान्झिस्टर आखूड करायच्या फंदात पडू नका. पिक्सेल लहान तसा करंटही कमी लागतो, आणि कमी करंटवर ताबा ठेवायचा तर चॅनेल, म्हणजे ट्रान्झिस्टरमधली करंटची वाट, लांबच हवा. म्हणून तो नागमोडी वळवून बसवतात. गळतीच्या जागी इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडचा ट्रान्झिस्टर घालणं हा अलीकडचा मार्ग. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले शास्त्रज्ञ हिदेओ होसोनो यांच्या गटाने 2004 मध्ये हा पदार्थ पुढे आणला. गळती फारच कमी, पण एकाच काचेवर दोन जातींचे ट्रान्झिस्टर म्हणजे मास्क (प्रत्येक थराची नक्षी उमटवायचे साचे) वाढले, खर्च वाढला.

कॉलेजबद्दल थोडक्यात. बेळगावात, खानापुरात किंवा निपाणीत राहून इलेक्ट्रॉनिक्स करत असाल तर सुरुवातीला लॅबची वाट बघू नका. सर्किट तपासायचं एलटीस्पाइस आणि थरांची मांडणी काढायचं केलेआउट ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट काढा, थ्रेशोल्ड 0.1 ने हलवा, करंट बघा. पुढे आयआयटी मद्रासला अ‍ॅमोलेडचं (प्रत्येक पिक्सेलमध्ये ट्रान्झिस्टर असलेल्या ओएलईडीचं) आणि आयआयटी कानपूरला लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचं संशोधन केंद्र आहे, गेट या प्रवेश परीक्षेची तयारी त्यासाठी करा. पॅनेलचे मोठे कारखाने कोरिया, चीन, तैवान, जपानात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पहिल्या मुलाखतीत मला कागद-पेन्सिल देऊन विचारलं, सिलेक्ट लाइन बंद झाल्यावर काय होतं? मी 25 फेम्टोची गोष्ट सांगितली. पुढचा अर्धा तास आम्ही तेवढ्यावरच बोललो.