‘आज लस नाही’ हे कोण सांगणार? पुढच्या साथीच्या लसीची तयारी

मागच्या साथीच्या वेळी आमच्या लसीकरणाच्या आराखड्यात शीतसाखळी (लस थंड ठेवत केंद्रापर्यंत पोचवायची व्यवस्था) होती, वाहनं होती, प्रशिक्षण होतं. ‘आज लस नाही’ हा निरोप कोणी, किती वाजता, कोणाला द्यायचा, हे मात्र कुठेच नव्हतं. पहाटे पाचपासून रांग लागलेली. साडेदहाला गाडी येत नसल्याचा फोन आला. मी निरोपाचा मसुदा मंजुरीला वर पाठवला आणि तो तिथेच पडून राहिला. शेवटी गेटवर जाऊन सांगितलं ते एका परिचारिकेने, आणि शिव्याही तिनेच खाल्ल्या. म्हणून सगळ्यात आधी ‘नाही’चा निरोप लिहून, मंजूर करून ठेवा. बाकीचं मग.

खरेदी करताना एकाच लसीवर विसंबू नका, चाचण्यांत कोणती टिकेल ते करार करताना कोणालाच ठाऊक नसतं. एकूण डोसांचा आकडा मिरवू नका, कोणत्या आठवड्यात किती येणार ते लिहून घ्या. आणि माल लांबला तर उत्पादकाने किती दिवस आधी कळवायचं, याचं कलम घाला. ‘नाही’चा निरोप तिथूनच निघतो, बरं का. दुष्परिणामांच्या भरपाईचंही आधीच ठरवा. 1976 मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लसीच्या वेळी विमा कंपन्यांनी हात वर केले आणि सरकारला कायदा करून जबाबदारी अंगावर घ्यावी लागली.

फ्रीज मोजा, हे सांगायला नको. पण कोणत्या तापमानाचे? बऱ्याच लसींना 2 ते 8 अंश चालतात. फायझरच्या कोविड लसीला सुरुवातीला उणे 70च्या आसपास लागायचं. उलट काही लसी गोठल्या की गेल्याच, त्यांची कुपी बर्फाला टेकवून ठेवू नका. सिरिंज वेगळ्या मागवाव्या लागतात. फायझरच्या कुपीतला सहावा डोस निघायला तर आत औषध कमी अडकेल अशीच सिरिंज हवी.

काही लसींची दहा डोसांची कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते. संध्याकाळी चारच माणसं उरली तर उघडायची की नाही? हे लेखी द्या, परिचारिकेवर सोडू नका. परत पाठवाल त्यांच्या हातात पुढची तारीख द्या.

रोज संध्याकाळी सहाला प्रत्येक केंद्राचा उद्याचा आकडा जाहीर करा. शून्य असेल तर शून्य लिहा! रकाना रिकामा ठेवलात की ‘येतेय म्हणे’ असं धरून लोक पहाटे उभे राहतात. त्या शून्याला कोणाची सही लागता कामा नये.

प्राधान्यक्रम, टोचल्यावर बसवायची जागा, दुष्परिणामांची नोंद, कचरा, दुसऱ्या डोसची आठवण: छापील आराखड्यात असतं सगळं, बघून घ्या.

रंगीत तालीम घ्याल तेव्हा एका केंद्राची गाडी मुद्दाम पाठवू नका. गेटवर ‘आज लस नाही’चा फलक किती वाजता लागतो, ते घड्याळ लावून बघा.