सेंटरवर पास होणाऱ्या शाफ्टचा रनआउट
वाळूज एमआयडीसीतील आमच्या वर्कशॉपमध्ये शाफ्ट सेंटरवर (दोन्ही टोकांच्या सेंटर-होलमध्ये टेकणाऱ्या टोकदार आधारांवर) फिरवून तपासताना गिअर सीटचा, म्हणजे गिअर बसतो त्या भागाचा, रनआउट (फिरताना पृष्ठभाग किती आत-बाहेर होतो ते) ०.०२ मिमीच्या आत येई, तरी ग्राहकाकडे शाफ्ट रिजेक्ट होत. ड्रॉइंगवरील डेटम (ज्याच्या आधाराने मोजायचे तो संदर्भ) सेंटर-होलचा अक्ष नसून दोन बेअरिंग जर्नलांचा, म्हणजे बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागांचा, सामाईक अक्ष होता. म्हणून दोन्ही जर्नल व्ही-ब्लॉकांच्या (V आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांच्या) जोडीवर ठेवून, शाफ्ट लांबीत सरकू नये यासाठी टोकाला स्टॉपर लावून संपूर्ण फेरा दिला, तेव्हा डायल गेजने गिअर सीटवर ०.०३५ मिमी दाखवले. जर्नलाची गोलाई आधी तपासावीच, कारण तीन उंचवट्यांचा जर्नल व्ही-ब्लॉकवर फसवे रीडिंग देतो. हीट ट्रीटमेंटनंतर सेंटर-होलमध्ये स्केल (ऑक्साइडचा थर) राहत होते आणि जर्नल व सीट वेगवेगळ्या सेटअपमध्ये ग्राइंड होत होते. सेंटर-होल लॅप करून (बारीक अपघर्षकाने घासून) जर्नल व सीट दोन्ही एकाच सेटअपमध्ये ग्राइंड केल्यावर रिजेक्शन थांबले.