ग्लासगोत शिकायला निघालात? भाषेच्या या चुका टाळा

सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता. फ्लॅटमधली स्कॉटिश मुलगी कोट चढवता चढवता म्हणाली, "मी मेसेजेस आणायला चाललेय, तुला काही हवंय?" मला वाटलं फोनचं काहीतरी असेल, म्हणून नको म्हणालो. अर्ध्या तासाने ती दूध, पाव, बटाटे आणि अंडी घेऊन परतली. माझ्या कपाटात त्या रात्री चहापावडरीशिवाय काही नव्हतं. ग्लासगोत 'मेसेजेस' म्हणजे वाणसामान. कुणाला कामासाठी बाहेर धाडायचं, या अर्थावरून तो शब्द बाजारहाटावर येऊन स्थिरावला आहे.

इथली पहिली चूक हीच. आपण अनोळखी शब्दांची धास्ती घेतो, पण फसवतात ते ओळखीचे शब्द. 'ड्रीख' ऐकलं की कळतं, हा शब्द आपल्याला येत नाही, मग आपण विचारतो. (ड्रीख म्हणजे ओलं, कुंद, दिवसभर उजेडच नसलेलं हवामान. नोव्हेंबरमध्ये रोज ऐकाल.) पण 'हाउ' कुणाला येत नाही? तुम्ही म्हणता, उद्या मला यायला जमणार नाही. समोरचा म्हणतो, "हाउ?" तुम्ही गोंधळता, 'कसं' म्हणजे काय कसं? तो विचारतोय 'का?' ग्लासगोत 'हाउ' पुष्कळदा 'व्हाय'च्या जागी येतो. संध्याकाळच्या जेवणाला बरेच जण 'टी' म्हणतात, त्यामुळे टीला बोलावलं तर आधी पोटभर खाऊन जाऊ नका. 'हाफ फाइव्ह' म्हणजे साडेपाच, मधला 'पास्ट' गिळलेला असतो. आपलं 'साडे' मनात धरलंत तर कधी चुकणार नाही.

मराठी माणसाला इथे काही गोष्टी उलट सोप्या जातात, आणि हे कुणी सांगत नाही. ग्लासगोकर वाक्याच्या शेवटी 'बट' टाकतात: "इट्स गुड, बट." नवखा विद्यार्थी पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहतो. पुढे काही नसतं. आपण "छान झालंय पण!" म्हणतो, तसंच ते. अनेकांना उद्देशून 'यूज' म्हणतात, म्हणजे सरळ आपलं 'तुम्ही'. "आय, राइट" ('आय' म्हणजे हो) या दोन होकारांचा अर्थ ठाम नकार असतो, आपण "हो, हो, केलंस तू!" म्हणतो त्याच सुरात ऐका. आणि "व्हेअर डू यू स्टे?" विचारलं तर मुक्कामाचा पत्ता नव्हे, राहता कुठे ते विचारलंय, अगदी आपल्याकडच्या इंग्रजीसारखं.

आता ज्या चुकीचं मला सगळ्यात वाईट वाटतं ती. आपली मुलं व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्रास लिहितात, 'इथले लोक अशुद्ध इंग्रजी बोलतात.' मी धुळ्याचा. घरी अहिराणी. पुण्याच्या होस्टेलवर फोनवर आईशी "काय करी ऱ्हायनी" बोललो की खोलीत हसू फुटायचं, मग मी जिन्यात जाऊन बोलायला लागलो. म्हणून हे वाक्य वाचलं की मला तो जिना आठवतो. ग्लासगोत कानावर पडणारं बरंचसं 'स्लँग' ही स्कॉट्स भाषा आहे. तिला तिचं जुनं साहित्य आहे, शब्दकोश आहेत, ते इंटरनेटवर फुकट बघता येतात. २०११च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या १५ लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं नोंदवलं. 'वी' (छोटं), 'आय', 'स्मिर' हे इंग्रजीचे मोडके तुकडे नाहीत. स्मिर म्हणजे झिमझिम, जिच्यात छत्री उघडावी की नाही ते ठरत नाही.

याच कारणासाठी पहिल्या महिन्यात त्यांच्या उच्चाराची नक्कल करू नका. 'ऑख आय द नू' तर मुळीच नको. ते पर्यटकांच्या टी-शर्टवरचं वाक्य आहे आणि ऐकणाऱ्याला टोचतं. शिव्यांचंही तसंच. दोस्तीत त्या सहज येतात, पण कुणी, कुणाला, कोणत्या सुरात हे कळायला वर्ष जातं. समजून घ्या सगळं, बोला थोडं. बसमधून उतरताना "चिअर्स, ड्रायव्हर" मात्र पहिल्या दिवसापासून म्हणा.

वर्गात वेगळाच घोळ होतो. तिथे गैरसमज आपल्या इंग्रजीमुळे होतात. "आय हॅव अ डाउट" म्हटलं की प्राध्यापकांना वाटतं, आपलं म्हणणं याला पटलेलं नाही, 'क्वेश्चन' म्हणा. "आय पास्ड आउट इन २०२२" म्हणजे २०२२ मध्ये मी बेशुद्ध पडलो. उलट बाजूने, निबंधावर 'क्वाइट गुड' असा शेरा आला तर पेढे वाटू नका, बहुतेकदा तो 'ठीक आहे'च्या आसपासचा असतो. "यू माइट वॉन्ट टू लुक अॅट चॅप्टर टू अगेन" ही सूचना ऐच्छिक नाही. दुसरं प्रकरण पुन्हा लिहा, असा त्याचा अर्थ. माझ्या एका मैत्रिणीने ते सौजन्य समजून सोडून दिलं आणि गुण गेले. विद्यापीठाच्या पत्रात 'आउटविथ ऑफिस अवर्स' दिसलं तर छपाईची चूक समजू नका. 'आउटविथ' म्हणजे 'च्या बाहेर', आणि तो स्कॉटलंडमधला रीतसर, औपचारिक शब्द आहे.

एवढं करूनही कान तयार होत नसेल तर तुमचा दिवस तपासा. मास्टर्सच्या वर्गात बहुतेक परदेशी, फ्लॅटवर आपलीच मुलं, डाळ-भात, मराठी मालिका. मग ग्लासगो ऐकणार कुठे? व्हिसाच्या अटीत सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येत असेल, तर गोदामापेक्षा दुकानाचा गल्ला किंवा कॅफे निवडा. नाहीतर स्वयंपाक करताना बीबीसी रेडिओ स्कॉटलंडवर श्रोत्यांचे फोन येतात ते कार्यक्रम लावा. तिथे साधी माणसं आपल्या वेगाने बोलतात.

आणि न कळल्यावर नुसतं "सॉरी?" म्हणू नका. समोरचा तेच वाक्य जरा मोठ्याने म्हणतो, आणि तिसऱ्या वेळी आपण मान डोलावून मोकळे होतो. त्याऐवजी जेवढं कळलं तेवढं उच्चारा आणि उरलेलं विचारा: "हाफ फाइव्ह, ओके. कुठे भेटायचं?" मग तो तेवढाच शब्द सुटा करून सांगतो, "हिलहेड. सबवेच्या दाराशी." (सबवे म्हणजे इथली भुयारी रेल्वे, हिलहेड हे तिचं एक स्थानक.)