पॉवर स्टिअरिंगची गळती: पंप न बदलता

दादरला बिल्डिंगखाली गाडीच्या जागेवर लालसर तेलाचे डाग पडायचे, स्टिअरिंग वळवताना पंप कण्हायचा. मेकॅनिक म्हणाला, पंपच बदला. मी आधी पंप पुसून कोरडा केला, इंजिन चालू केलं आणि टॉर्च मारून पाहत राहिलो. वरचा होज (तेलाची रबरी नळी) गळला तरी पंपच ओला दिसतो, म्हणून ही खात्री हवीच. तेल पुलीमागच्या (पुली म्हणजे पट्ट्याने फिरणारं चाक) शाफ्ट सीलमधून, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या कडीतून, झिरपत होतं. पुली पुलरनेच (ओढून काढायच्या अवजाराने) काढली, हातोडी नाही. शाफ्टवर खाच नव्हती, हे नशीब; नाहीतर नवं सीलही टिकलं नसतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याच मापाचं सील आणून बसवलं. शेवटी तेलात अडकलेली हवा काढायला पुढची चाकं जॅकवर उचलून, स्टँड लावून, इंजिन बंद ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मध्येमध्ये तेल भरत. ३ महिने झाले, खालची लादी कोरडी आहे.