मोठी प्रिंट काढण्याआधी
गोदाघाटावरचा पहाटेचा फोटो मोबाइलवर झकास दिसतो, पण स्क्रीनचा उजेड बऱ्याच उणिवा झाकतो. आधी साधी ८ बाय १२ इंचांची प्रिंट काढा आणि येता-जाता दिसेल अशी लावा. पंधरवड्यानंतरही नजर थबकत असेल, तरच पुढचा खर्च. (लाइक किती आले, हे विसरा.) ६००० बाय ४००० पिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) २० इंच रुंद जाते, १५०ला ४०, लांबून बघायला तेवढं चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली फाइल मात्र नकोच. मग रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांसारखा बारकाव्याचा तुकडा मोठ्या प्रिंटच्याच मापाने छोट्या कागदावर छापून घ्या. सावल्या काळ्याकुट्ट आल्या, कडा फुटल्या, तर मोठी ऑर्डर देऊच नका.